शनिवारी 'द ३९ स्टेप्स', वेळेवर या!

मंडळी, परत एकदा आठवण. येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, नेहमीच्याच हॉलमध्ये, हिचकॉकचा १९३५ चा ब्लॅक अँड व्हाइट थ्रिलर लावतोय. मागच्या वेळी अर्धी जनता उशिरा आली आणि मग अंधारात शेजाऱ्याला "काय झालं, काय झालं" चालू, तर ह्या वेळी प्लीज तसं नको, कारण पिक्चर जेमतेम दीड तासाचा आहे आणि सुरुवातीलाच लंडनमधे आपल्या हिरोच्या, हॅनेच्या फ्लॅटवर खून पडतो, आळ त्याच्यावर, आणि तो जो पळत सुटतो तो थेट स्कॉटलंडला. कामवाली प्रेत बघून तोंड उघडते आणि आपल्याला ऐकू येते ती रेल्वेची शिट्टी, एवढ्यासाठी तरी वेळेवर या!

रोमान्स आहे का असं दोघीतिघींनी विचारलं होतं. आहे ना, पण गाणीबिणी नाहीत हां. रॉबर्ट डोनाट आणि मॅडेलिन कॅरल एकाच बेडीत अडकलेत, तिचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही, आणि त्याच अवस्थेत ती ओले स्टॉकिंग्ज काढते तेव्हा त्याचा हात आपला सोबत फरफटतोय, तो सीन मला अजून भारी वाटतो. गंमत म्हणजे जॉन बुकनच्या १९१५ च्या मूळ कादंबरीत ही हिरॉईनच नाही.

सबटायटल्स इंग्रजी आहेत. चहा पिक्चर संपल्यावर, मधे इंटरव्हल नाही. आणि ज्यांनी आधी बघितलाय त्यांनी शेवट ग्रुपवर फोडू नका, हात जोडतो. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत अंगठा टाका, खुर्च्या मोजून मागवायच्यात.