फोटो छापा, पत्ता नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला प्रवासी छायाचित्रकारांवरचा लेख वाचला. फोटो सुरेख होते. पण प्रत्येक फोटोखाली तिथं कसं जायचं, गाडी कुठं लावायची आणि नकाशा उघडणारा क्यूआर कोडही छापला होता. हे पत्र त्यासाठी.

मी साताऱ्यात एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये 28 वर्षं काम केलं. रोल धुणं आणि प्रिंट काढणं हेच माझं काम. त्या वेळी गावाकडून म्हातारी माणसं फोटो काढायला यायची, पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश पाडायच्या यंत्राखाली, एक-दोन सेकंद कमी पडले की धोतराच्या निऱ्या गायब, नुसता पांढरा ठिपका. जास्त झाले की धोतर मळकं दिसायचं. लाल दिव्यात ट्रे हलवत, चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरमधून एकेक निरी वर येताना बघायची आणि नेमक्या क्षणी कागद उचलून हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात टाकायचा. पांढऱ्यातलं पांढरं राखणं हे डार्करूममधलं सगळ्यात अवघड काम, हे मी त्या धोतरांवर शिकलो.

माझी मुलगी टोकियोला नोकरी करते. तिनं मला छायाचित्रकार मायकेल केन्ना यांच्या होक्काइदोमधल्या फोटोंचं पुस्तक पाठवलं. होक्काइदो म्हणजे जपानचं उत्तरेकडचं बेट. हिवाळ्यात सगळीकडे बर्फ, वर पांढरं आभाळ आणि मध्ये एखादं झाड किंवा कुंपणाची ओळ. बर्फ आणि आभाळ दोन्ही पांढरे, तरी एकातून दुसरं वेगळं दिसतं. ती पानं बघताना माझे हात आपोआप ट्रे हलवायला लागले, इतकं ते काम मला ओळखीचं वाटलं.

केन्ना 1953 साली इंग्लंडच्या वायव्य भागातल्या विडनेस या कारखान्यांच्या गावी, कामगाराच्या घरी जन्मले. सहा भावंडांत धाकटे. पाद्री व्हायचं म्हणून लहानपणीची काही वर्षं पाद्री घडवणाऱ्या शाळेत शिकले, मग चित्रकला आणि फोटोग्राफीकडे वळले. पुढं अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला रूथ बर्नहार्ड या ज्येष्ठ छायाचित्रकार बाईंच्या निगेटिव्हवरून त्यांनी बरीच वर्षं प्रिंट काढल्या. म्हणजे आमच्याच जातकुळीतला माणूस. निगेटिव्ह हातात आली म्हणजे फोटो झाला असं नसतं, हे तिथं पक्कं झालं असणार. आजही ते फिल्म वापरतात आणि आपल्या प्रिंट स्वतः काढतात. प्रिंटही जेमतेम आठ बाय आठ इंचांची. भिंतभर मोठी करत नाहीत, त्यामुळे बघणाऱ्याला जवळ यावंच लागतं. रात्रीच्या अंधारात कधीकधी कित्येक तास शटर उघडं ठेवतात. तेवढ्या वेळात पाण्याचं धुकं होतं आणि ताऱ्यांच्या रेघा उमटतात.

मला सगळ्यात भावलं ते त्यांचं परत परत जाणं. इंग्लंडमधल्या रॅटक्लिफ वीजकेंद्राचे अवाढव्य मनोरे त्यांनी अनेक वर्षं टिपले. होक्काइदोत कुश्शारो तलावाकाठच्या एका झाडाकडे ते वेगवेगळ्या हिवाळ्यांत जात राहिले. 2009 साली ते झाड पाडलं गेलं. एवढं जाणं-येणं झाल्यावर ते झाड ‘स्पॉट’ राहत नाही, सोयरं होतं.

पण त्याच बेटावर बिएई नावाचं गाव आहे, तिथली गोष्ट वेगळी. शिंझो माएदा या जपानी छायाचित्रकारानं कंपनीतली नोकरी सोडून देशभर फिरताना 1971 साली तिथल्या टेकड्यांची शेतं पाहिली आणि पुढची अनेक वर्षं टिपली. 1987 मध्ये गावातल्या बंद पडलेल्या शाळेत स्वतःचं कलादालन उघडलं. गाव देशभर नावाजलं. तिथं एका शेतात एकटाच, कललेला पॉप्लर उभा होता. लोक त्याला ‘तत्त्वज्ञाचं झाड’ म्हणायचे. केन्नांनीही तो टिपला आहे. फोटोसाठी माणसं पेरलेल्या शेतात घुसू लागली, पाट्या लावल्या तरी थांबेनात. शेवटी 24 फेब्रुवारी 2016 ला मालक शेतकऱ्यानं ते झाड पाडलं. माएदांनी किंवा केन्नांनी कुणाला शेतात शिरायला सांगितलं नव्हतं. पण वाट सगळ्यांना ठाऊक झाली होती.

हे वाचलं तेव्हा मला माझा मेव्हणा आठवला. जावळी तालुक्यात त्याचं दोन एकर शेत आहे आणि बांधावर एक सावर. माघात पान नसतं, नुसती लाल फुलं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी तिचा फोटो जागेच्या खुणेसकट मोबाइलवर टाकला. पुढच्या रविवारी अकरा गाड्या आल्या. हरभऱ्याला घाटे भरत होते. सावरीपासून रस्त्यापर्यंत चार हात रुंदीचा पट्टा तुडवून सपाट झाला. मेव्हणा फोनवर म्हणाला, “दाजी, झाड काढून टाकू का? त्याचंच सगळं.” मी त्याला रागावलो, पण त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, सांगता येत नाही. त्यानं बांधाला बाभळीच्या काट्या लावल्या आहेत. सावर अजून उभी आहे.

कास पठाराची गत आपण जाणताच. 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं, मग गर्दी, मग कुंपण, तिकीट, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा. तिथं कातळावर मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो. सीतेच्या आसवांचं फूल करंगळीच्या नखाएवढं. त्याचा फोटो काढायला माणूस ओणवा झाला की गुडघ्याखाली शंभर फुलं चिरडतात. मी स्वतः एकदा बसलो होतो, उठल्यावर खाली पाहिलं आणि नंतर तिथं कॅमेरा नेला नाही.

म्हणून विनंती एवढीच आहे. पुरवणीत फोटो जरूर छापा, मोठे छापा. छायाचित्रकाराचं नाव ठळक द्या. तो तिथं किती वेळा गेला, कोणत्या ऋतूत, किती वेळ थांबला, प्रिंट कशी काढली, हे विचारा आणि लिहा. जागेचं म्हणाल तर तालुका पुरे. झाड, ओढा किंवा देवराई कुणाच्या शेतातली असेल तर आधी त्या शेतकऱ्याला विचारून मगच छापा. आणि तो क्यूआर कोड पुढच्या रविवारपासून काढून टाका.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त डार्करूम कारागीर, सातारा