पिल्लू घरात शू करतं म्हणून त्याला सोडून देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटला बीगल जातीचा एक कुत्रा बांधलेला सापडला. सहा-सात महिन्यांचा असेल, गळ्यात चांगला पट्टा, शेजारी खाण्याची अर्धी पिशवी, म्हणजे सोडणाऱ्यांना त्याची काहीच माया नव्हती असंही म्हणता येणार नाही. वॉचमनकाकांनी चौकशी केली तर शेजारच्याच बिल्डिंगमधलं कुटुंब निघालं, मी भेटायला गेले, खरं तर भांडायच्या तयारीनेच गेले होते, पण त्या बाई रडायलाच लागल्या. म्हणाल्या, ताई, मुलाच्या हट्टाने दुकानातून आणला, लसी दिल्या, सगळं केलं, पण रोज घरात शू, रोज गादीवर शू, मारून पाहिलं, नाक घासून पाहिलं, गॅलरीत बांधला तर रात्रभर रडायचा आणि खालच्या मजल्यावरचे भांडायला यायचे, शेवटी ह्यांनी सांगितलं आता बास. प्राणी असा सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण घरी येताना डोक्यात हेच घोळत राहिलं की एवढ्या महिन्यांत त्यांना कुणीही, अगदी कुणीही, शू-शी शिकवायची कशी हे नीट बसून सांगितलेलं नव्हतं. आपल्या पेपरातही पाळीव प्राण्यांवर लेख येतात त्यात कुठला ब्रीड घ्यावा, केस किती गळतात, खर्च किती येतो हे असतं, पण पिल्लू घरी आल्यावर पहिल्या रात्रीपासून जो प्रश्न उभा राहतो त्याबद्दल काही नसतं. म्हणून हे पत्र, लांब झालंय, पण शक्यतो पूर्ण छापा ही विनंती.

आमची चिंगी देशी आहे. चार वर्षांपूर्वी तिची आई आमच्याच जिन्याखाली व्याली, मी रोज खाली जाऊन बघायचे, त्यामुळे एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली जी नंतर फार उपयोगी पडली. पहिले जवळजवळ तीन आठवडे आई पिल्लांना चाटते तेव्हाच त्यांना शू-शी होते आणि ती लगेच ते साफ करते, गोणपाट कोरडं राहतं. मग पाय फुटले की पिल्लं आपणहून दोन पावलं लांब जाऊन करायला लागतात. झोपायच्या जागी घाण करायची नाही हे त्यांच्यात असं आईजवळच येतं, आपल्याला फक्त ते पुढे न्यायचं असतं. आता दुकानातलं पिल्लू बघा, दिवसभर त्याच जाळीत खाणं, त्याच जाळीत झोपणं, त्याच जाळीत शू, त्याला दुसरा इलाजच नसतो, मग ती मूळची सवयच मोडते आणि आपण घरी आणून त्याला घाणेरडा म्हणतो. दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू विकू नये असा २०१७ पासून नियम आहे, तो असण्याचं हेही एक मोठं कारण आहे असं मला वाटतं.

चिंगीला घरी आणलं तेव्हा आम्हीही चुकलोच. सातवा मजला, लसी पूर्ण झालेल्या नव्हत्या, पार्वो ह्या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराच्या भीतीने डॉक्टरांनी खाली जमिनीवर सोडू नका सांगितलेलं, लसींचे डोस पिल्लू साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत चालतात, तोवर करायचं काय? आम्ही सगळ्यांसारखा पेपर पसरला. पिल्लू पेपरवर करायला शिकतं, पण ते पेपरच शिकतं हो. पायाखाली काय आहे हे त्या वयात त्यांच्या मनात पक्कं बसतं, मग सासऱ्यांनी सकाळी वाचून सोफ्याखाली ठेवलेल्या पेपरवरही तिने केली आणि ओरडा खाल्ला, तिची त्यात काय चूक होती? नंतर आम्ही गॅलरीत एक पसरट ट्रे ठेवला, नर्सरीतून आणलेली माती आणि वर हिरवळीचा तुकडा. खालच्या बागेतली माती मुद्दाम आणली नाही, तिथे बाकीची कुत्री फिरतात आणि पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. पुढे ती खाली जायला लागली तेव्हा मातीची आणि गवताची सवय आधीच होती, आठ दिवसांत ट्रे काढून टाकला.

पण खरी गोष्ट मावशींच्या लक्षात आली, ज्या आमच्याकडे केर-फरशीला येतात. एक दिवस म्हणाल्या, ताई, ही खाल्लं की दहा मिनिटांत देवघराच्या कोपऱ्यात जाते बघा, आधी गोल गोल फिरते, तुम्ही तेव्हाच का उचलत नाही? मी कालनिर्णयच्या चौकोनांत टिंबं मांडायला लागले, कधी खाल्लं, कधी झोपून उठली, कधी केली. पाच दिवसांत चित्र समोर आलं. झोपून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, खेळ रंगला की मध्येच, आणि रात्री झोपायच्या आधी. ह्या चार वेळा सांभाळल्या की बाकी दिवसात फारसं काही होतच नाही. दिवसा किती वेळ धरू शकेल ह्याचा ढोबळ हिशोब म्हणजे जितके महिने वय तितके अधिक एक तास, म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त तीन तास, आणि तेही झोपलेलं असेल तर, जागं आणि खेळत असेल तर त्याच्याही खूप आधी. त्यामुळे पहिला महिना रात्री एक-दोनदा अलार्म लावून उठावंच लागतं, ह्याला पर्याय नाही, आणि हे आधी माहीत असेल तर माणूस चिडत नाही.

क्रेट, म्हणजे कुत्र्याला झोपायला दाराचा, तारेचा पिंजरा, डॉक्टरांनी सुचवला. सासूबाई तेव्हा खूप नाराज झाल्या, म्हणाल्या, अगं कुत्रं काय पोपट आहे का पिंजऱ्यात ठेवायला? अनेक घरांत हेच होतं, आणि त्याच घरांत कुत्रं दिवसभर गॅलरीत दोन हात साखळीला बांधलेलं कुणालाच खटकत नाही. कायद्यात दोन्ही आहे, हलता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात ठेवणंही चूक आणि आखूड साखळीला तासन् तास बांधणंही चूक. क्रेट हे पिल्लाचं अंथरूण आहे असं समजलं की सगळं सोपं होतं. झोपायच्या जागी ते करत नाही, म्हणून ते तिथे असताना धरतं, आणि बाहेर काढलं की लगेच योग्य जागी नेता येतं, बस, क्रेटचं काम एवढंच. म्हणूनच माप महत्त्वाचं. नीट उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून आडवं होता यावं, त्याहून मोठा घेतला तर एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात करतं. चिंगीसाठी आम्ही ३६ इंची तारेचा घेतला, मोठी झाल्यावर पुरेल असा, आणि आत मधलं पार्टिशन लावून सुरुवातीला निम्माच उघडा ठेवला, वाढेल तसं मागे सरकवलं.

आणि कृपा करून पहिल्याच दिवशी आत ढकलून कडी लावू नका, बहुतेकांचं इथेच बिनसतं. आम्ही चार दिवस दार उघडंच ठेवलं होतं, आत सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची गोधडी (हो, नंतर त्यांनीच दिली), जेवणाची वाटी आधी दाराशी, मग आत, मग अगदी मागे. मग खाताना दार लोटायचं आणि खाऊन झालं की लगेच उघडायचं. मग पाच मिनिटं, मी तिथेच समोर भाजी निवडत बसलेली, मग दहा, मग मी दुसऱ्या खोलीत. रात्री क्रेट आमच्या पलंगाशेजारी, म्हणजे बोटं जाळीतून आत घालता येतील. नुकतीच झोपलेली असताना जरा कुरकुर केली तर थांबायचं, पण झोपेतून उठून रडली तर ती शूचीच हाक समजायची, उचलून न्यायचं, दिवा न लावता, न खेळता परत आणायचं. आत घालताना गळ्यातला पट्टा काढायचा, तारेत अडकून गळफास बसू शकतो. शिक्षा म्हणून एकदाही आत टाकायचं नाही आणि ती आपणहून आत गेली तर मुलांनी हात घालायचा नाही, हा आमच्या घरात नियम होता आणि अजून आहे. हळूहळू करूनही एखादं कुत्रं आत घाबरून दात-नखं तारेवर आपटत असेल, लाळ गाळत असेल, तर त्याच्यासाठी क्रेट नाहीच, तिथे हट्ट करू नका, डॉक्टरांशी बोला.

आणखी एक, हे मला फार कळकळीने सांगायचंय. नवरा-बायको दोघं सकाळी आठची लोकल पकडून संध्याकाळी सातला येणार आणि तेवढा वेळ पिल्लू क्रेटमध्ये, ह्याला ट्रेनिंग म्हणत नाहीत. मोठं कुत्रंसुद्धा दिवसा चार-पाच तासांच्या वर कोंडू नये. घरात मधल्या वेळी खाली नेणारं कुणीच नसेल तर पिल्लू आणूच नका. आणि क्रेट उन्हाच्या गॅलरीत तर मुळीच नको, एप्रिल-मेमध्ये तिथे काय तापतं ते आपल्याला माहीत आहे, कुत्र्याला घाम गाळून अंग थंड करता येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून निववतं आणि आत अडकलेलं असेल तर सावलीतही जाऊ शकत नाही.

फरशीबद्दल थोडं. फिनाईलने वास आपल्या नाकाला जातो, त्याच्या नाकाला नाही, आणि ते पायाला लागतं, मग पिल्लू पाय चाटतं, म्हणजे पोटात जातं. दुकानात एन्झाइमवाले क्लीनर मिळतात, ते वासाचं मूळच तोडतात, थोडे महाग पण तेच घ्या. व्हिनेगर-पाणीही चालतं पण संगमरवर किंवा शहाबादी फरशीवर नको, दगड चुन्याचा असतो, आंबटाने खातो. आमच्या देवघरासमोर तो डाग अजून आहे.

आता मारण्याबद्दल. लोक म्हणतात त्याला कळतं हो, बघा कसं अपराध्यासारखं तोंड करतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर प्रयोग केला, खाऊ समोर ठेवून खायचं नाही असं मालकाने सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं, मग कधी कुत्र्याने खरंच खाल्लेलं असायचं, कधी नाही, पण मालकाला जे सांगितलं जायचं ते कधी खरं असायचं, कधी खोटं. तर ते अपराधी तोंड खाल्लं की नाही ह्यावर नाही, मालक रागावला की नाही ह्यावर अवलंबून निघालं. म्हणजे ती भीती असते. तासाभरापूर्वीच्या शूवर नाक घासलं तर ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायची नाही, मग खाली नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही आणि घरी येऊन सोफ्यामागे करतं. बीगलचं नेमकं हेच झालंय. करताना दिसलं तर टाळी वाजवून उचला आणि जागेवर न्या, नंतर दिसलं तर गुपचूप पुसा. आणि बाहेर केली की तिथल्या तिथे, त्याच सेकंदाला, शाबासकी आणि खाऊ, घरी येऊन दिलेला खाऊ त्याच्या लेखी लिफ्टमधून वर आल्याचा असतो. झाल्या झाल्या लगेच ओढत वरही आणू नका, पाच मिनिटं हुंगू द्या, नाहीतर शू केली की फिरणं संपतं हे त्याला कळतं आणि ते मुद्दाम लांबवतं. पावसाळ्यात आम्ही पार्किंगच्या छताच्या कडेला उभे राहायचो, साचलेल्या पाण्यात उंदरांमुळे लेप्टो ह्या आजाराची भीती असते, डबकी टाळायची.

शिकलेलं कुत्रं अचानक घरात करायला लागलं, थोडी थोडी, सारखी, तर ते लघवीचं इन्फेक्शन असू शकतं, रागवायच्या आधी तपासून घ्या.

चिंगी सहा महिन्यांची होईपर्यंत घर पूर्ण कोरडं झालं. आज क्रेटचं दार कायम उघडंच असतं, पण दिवाळीत पहिली माळ लागली की ती आपणहून आत जाऊन बसते, आम्ही वरून चादर टाकतो, पंखा लावतो आणि ती तिथे झोपते. तेव्हा पिंजरा म्हणणाऱ्या सासूबाईच आता चादर शोधून ठेवतात.

बीगल सध्या आमच्याकडे आहे. दुकानातली मोडलेली सवय आणि माराची भीती दोन्ही असल्यामुळे त्याला क्रेटमध्ये अजून बंद केलेलं नाही, दार काढून ठेवलंय आणि फक्त जेवण आत देतोय, सध्या सगळा भर वेळेवर आणि गवतावर. काल पहिल्यांदा त्याने माझ्यासमोर, खाली, गवतावर शू केली. त्या बाईंचा मुलगा, सातवीत आहे, रोज संध्याकाळी येतो, त्याला खाली घेऊन जातो आणि वहीत वेळ लिहून नेतो, आई विचारते म्हणतो.

आपली,
एक वाचक, ठाणे