अथर्वला, ऐरोलीहून

चि. अथर्व,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालास, ‘बीकॉमचं शेवटचं वर्ष राहू दे, आता रग्बीच करतो.’ मी गप्प झाले म्हणून तुला वाटलं असेल, आई चिडली. चिडले नव्हते रे. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं.

बाबांचं गणित तुला माहीत आहे. त्यांना कबड्डीने रेल्वेत चिकटवलं. पुढे गुडघा गेला तरी पगार चालू राहिला. तुला कोण चिकटवणार? मी म्हटलं, आता रग्बीची लीग आली आहे, जून 2025 मध्ये अंधेरीला सहा संघ खेळले की. बाबा म्हणाले, ‘पंधरा दिवसांत आटोपली. बाकीचं वर्षभर काय खायचं?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंग्लंडातही सगळं आलबेल नाही म्हणा. पंधरा जणांच्या रग्बीत उघडपणे पैसे घेऊन खेळायची मुभाच मुळी 1995 साली मिळाली. आणि 2022 मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स हे दोन मोठे क्लब महिन्याभराच्या अंतराने बुडाले. ऐन हंगामात खेळाडू घरी बसले. त्यांत देशाकडून खेळलेले होते.

तरी पैशाची काळजी माझ्या लेखी दुसरी.

गेल्या गणपतीत मॅच खेळून आलास, आठवतं? चहा दिला तेव्हा विचारलंस, ‘तुला पाऊस लागला का गं?’ मी हो म्हटलं. दोन घोटांनंतर पुन्हा तेच. बूट सोडताना तिसऱ्यांदा, अगदी त्याच सुरात. ट्यूबलाइटकडे बघून डोळे मिटलेस. डोकं आपटलं का विचारलं, तर म्हणे खांदा लागला. वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला सांगतोस! आणि चौथ्या दिवशी किटबॅग उचलून पुन्हा मैदानावर. मीही अडवलं नाही. ती चूक माझी.

इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्प्सन 2003 चा वर्ल्डकप जिंकला. तुम्ही एकमेकांना रेटता त्या स्क्रमच्या पहिल्या ओळीत मधोमध तो असायचा. तो जिंकलेला वर्ल्डकप आज त्याला आठवत नाही. डिमेन्शियाचं निदान झालं तेव्हा तो बेचाळिशीत होता, माझ्याहून लहान. हे वाचलं त्या दिवशी ड्युटीवर एका आजोबांना मी चौथ्यांदा त्यांच्या मुलाचं नाव सांगत होते.

खेळू नकोस असं मी म्हणणार नाही. हॉलमध्ये गादी उभी धरून बाबा तुझे टॅकल घ्यायचे आणि ओरडायचे, ‘डोकं मागच्या बाजूला, पुढ्यात नको!’ खालच्या काकू तक्रार घेऊन वर यायच्या. ते सगळं मला हवंच आहे.

पण परीक्षेचा फॉर्म भर. अभ्यास झाला नाही तरी बस, एटीकेटी लागली तर लागू दे. आणि डोक्याला लागलं की कोच विचारायच्या आधी तू सांगायचंस, त्याच क्षणी बाहेर यायचंस. नंतर 21 दिवस मॅच नाही. समोर सिलेक्टर बसलेले असले तरी नाही. तुझी जागा दुसऱ्याला मिळेल, मला कळतं. मिळू दे.

शिबिरातल्या डॉक्टरांचा नंबर पाठव. तुला न विचारता त्यांना फोन करणार नाही, शप्पथ. उद्यापासून माझी नाइट आहे, तेव्हा फोन सकाळी नऊनंतर कर. बाबांनी तुझा गुडघ्याचा पट्टा कुरिअर केला आहे. त्यांचाच आहे, धुऊन दिलाय.

तुझी,
आई