केसांचा रंग बिघडला तर त्याच रात्री काळा डाय लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि त्याच्या आधीचे आठ-दहा दिवस आमच्यासारख्या छोट्या पार्लरवाल्यांकडे एकाच प्रकारचं गिऱ्हाईक येतं, सुट्टीत घरच्या घरी केस रंगवून बिघडवून बसलेली चौदा-पंधरा वर्षांची पोरगी आणि सोबत संतापलेली आई. पोट्टेही येतात आता, काही कमी नाही. मी मानेवाड्याकडे पार्लर चालवते, बरीच वर्षं झाली, आणि ह्या विषयावर पेपरात कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहून राहिले. म्हणणं एकच आहे. पोरांनी पहिल्यांदा जे काही लावलं त्यानं केसांचं जेवढं वाटोळं होत नाही तेवढं त्याच रात्री घाबरून वरून जो काळा डाय थापला जातो त्यानं होतं, आणि तो बहुतेक वेळा पोरं लावत नाहीत, आपण मोठी माणसं लावून देतो, उद्या शाळेत काय म्हणतील ह्या धसक्यानं.

हे असं काहून होतं ते सांगते. डायच्या नाहीतर ब्लीचच्या डब्यात दोन गोष्टी असतात, एक क्रीम नाहीतर पावडर आणि दुसरं डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटलीवर १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं, त्यात २० म्हणजे ६ टक्के आणि ४० म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड, पोरांना वाटते ४० वालं जास्त भारी म्हणून तेच आणतात. अमोनिया केसावरचं खवल्यांचं कवच उघडतो, पेरॉक्साइड आत जाऊन केसाचा स्वतःचा रंग तोडतो, आणि डाय असला तर त्याचे बारीक कण आत शिरून एकमेकांना जुळतात, मोठे होतात आणि मग बाहेर निघू शकत नाहीत, म्हणूनच तो परमनंट. ब्लीचमधे फक्त तोडणं असतं, भरणं काहीच नसतं. आपले केस काळेभोर, त्यात रंगद्रव्य भरपूर, त्यामुळे ब्लीच लावलं की आधी तांबडा येतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि रीलमधला तो राखाडी नाहीतर फिक्का गुलाबी रंग केस अगदी फिकट पिवळा झाल्यावरच बसतो. घरी कोणी तिथपर्यंत पोचत नाही, गाडी नारिंगीवरच अडकते. तेही सगळीकडे सारखं नाही, टाळूच्या उबेनं मुळाशी रंग लवकर उतरतो आणि टोकं तपकिरीच राहतात, त्यात आपल्याकडचा मे महिना, कूलर बंद असलेल्या खोलीत ब्लीच डब्यावरच्या वेळेच्या आधीच जोर करते.

अशा उघड्या पडलेल्या केसावर रात्री परत अमोनिया-पेरॉक्साइडवाला काळा डाय लावला म्हणजे त्याच केसावर दुसऱ्यांदा तोच मार. आणि एवढं करून रंग तरी धड यावा, तोही येत नाही. जिथे केस पिवळा झाला असतो तिथे आतला लाल पाया निघून गेलेला असतो, त्यावर सरळ काळा किंवा ॲश ब्राऊन, म्हणजे राखाडी झाकेचा तपकिरी, टाकला की हिरवट, मातकट झाक येते. काही ठिकाणी दोन-चार धुण्यात उतरून जातो आणि जिथे बसतो तिथे असा बसतो की पुढे कलर रिमूव्हर नाहीतर परत ब्लीचशिवाय निघत नाही. आगीतून निघून फुफाट्यात.

मागे एक दहावीतली पोरगी आली होती. स्कूटीवर फिरताना चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळायची सवय नागपुरात सगळ्याच मुलींना, पण ही खुर्चीवर बसली तरी स्कार्फ सोडेना. सोडला तेव्हा मुळापाशी चार बोटं नारिंगी, मधे काळपट हिरवा पट्टा, खाली टोकं तपकिरी. आई म्हणे, ताई, हिनं दुपारी ब्लीच लावलं, मी रात्री ड्युटीवरून आले आणि काळा लावून दिला, दुसऱ्या दिवशी धुतल्यावर तो निघाला म्हणून पुन्हा लावला. मी एक ओला केस बोटात धरून हलकेच ताणला तर तो भिजल्या शेवईसारखा लांबत गेला, परत आखडलाच नाही, आणि तुटला. चांगला केस ओला असताना थोडा ताणतो पण सोडला की जागेवर येतो. हा असा लांबला म्हणजे आतलं प्रोटीन तुटलेलं आहे, ह्याच्यावर मग कोणताही डाय, स्मूदनिंग, स्ट्रेटनिंग काही म्हणजे काही करायचं नसते. मी त्या दिवशी तिला रंग लावलाच नाही, खराब टोकं कापली, भरपूर कंडिशनर लावून मोठ्या दातांच्या कंगव्यानं खालून वर गुंता सोडवला आणि दोन वेण्या घालून दिल्या. आई नाराज झाली, तिला सोमवारपर्यंत काळे केस पाहिजे होते, शाळेतून निरोपच होता की केस काळे करा मगच वर्गात बसा. पोरगी पूर्ण वेळ आरशाकडे न बघता मांडीवरच्या टॉवेलचे दोरे ओढत बसली होती. मला राग त्या निरोपाचा आला, अजूनही येतो.

आता घरी असं झालं तर काय करायचं. टाळूची आग होत नसेल, चेहरा सुजला नसेल, तर त्या रात्री फक्त साध्या पाण्यानं, पाणी निवळ येईपर्यंत केस धुवा, कंडिशनर लावा आणि झोपा. पोरीला ओरडायचं असेल तर सकाळी ओरडा, पण रात्री कात्री हातात घेऊ नका, अशी रागात कापलेली केसंही मी पाहिली आहेत. केस म्हणजे मेलेला भाग, तो काही बरा होत नाही, पण आठवडा-दोन आठवडे मधे गेले तर टाळू सावरते आणि तेल-कंडिशनरनं तुटणं कमी होते. खोबरेल तेल धुण्याच्या आधी लावून ठेवलं तर केसातलं प्रोटीन कमी निघून जाते, ह्यावर २००३ साली आपल्या इथल्याच संशोधकांचा पेपर आला होता, आपल्या आज्या जे करायच्या ते बरोबरच होतं.

मग केस नारिंगी झाले की नुसते जास्त काळे झाले हे बघून पुढचं ठरते. नारिंगी असतील तर रंगांच्या चक्रात नारिंगीच्या समोर निळा येतो आणि पिवळ्याच्या समोर जांभळा. सगळ्यांना जांभळा शाम्पू माहिती असतो, पोरी तोच आणतात आणि म्हणतात आंटी काहीच फरक पडला नाही, कसा पडेल, तो पिवळ्या केसासाठी आहे, नारिंगीला निळा लागतो. बोअरचं जड पाणी असेल तर केस अजून तांबूस आणि खरखरीत दिसतात, शेवटचं धुणं तरी नळाच्या नाहीतर फिल्टरच्या पाण्यानं करा. आणि रंगच पाहिजे असेल तर काळा नको, अमोनिया नसलेला डेमी-परमनंट, म्हणजे कायमचा न बसणारा, तपकिरी, नारिंगीपेक्षा थोडी गडद शेड, त्याच्यासोबतचा डेव्हलपर कमी ताकदीचा असतो. आधी कानामागच्या एका बटेवर लावून बघायचं, वाळल्यावर कसा दिसतो ते पाहायचं, पटला तरच बाकी डोक्याला. हा हळूहळू उतरतो, दोन वेण्या घातल्या की लांबून कोणाला कळतही नाही.

डाय लावून केस नको तितके काळे झाले असतील तर वरून फिकट शेडचा डबा लावून काही होत नाही, डायवर डाय लावून केस उजळत नाहीत, हे डोक्यातून काढून टाका. पहिल्या आठवड्यात कोमट पाणी आणि क्लॅरिफाइंग, म्हणजे खोलवर साफ करणाऱ्या, शाम्पूनं थोडा उतरतो. कलर रिमूव्हर मिळते, ते डायचे जुळलेले कण परत बारीक करते आणि केसाच्या स्वतःच्या रंगाला हात लावत नाही, पण नंतर खूप वेळ, कंटाळा येईपर्यंत धुवावं लागते, नाहीतर तेच कण हवेनं परत जुळतात आणि केस दोन दिवसांनी पुन्हा काळे होतात, मग लोक म्हणतात फसवलं. निळे-गुलाबी फॅशन कलर बहुतेक वरवरचे असतात, धुण्यानं जातात, फक्त ब्लीच केलेल्या केसात निळा आणि हिरवा चिवट बसतो.

लिंबू-मीठ लावून उन्हात बसणं, खायचा सोडा, भांड्यांचं लिक्विड, हे सगळं बंद करा. सोडा कवच अजून उघडतो, आणि लिंबू-ऊन मिळून आधीच मार खाल्लेला केस कोरडाठाक करतात. कपाळावर, कानावर डाग पडले तर खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलीन लावून कापसानं पुसा, रॉकेल लावणारे लोक अजून आहेत, पोराच्या चेहऱ्याजवळ रॉकेल न्यायचंच कशाला.

एक गोष्ट मात्र थांबण्याची नाही. डाय लावल्यावर पापण्या सुजल्या, टाळूवर फोड आले, पाणी झिरपायला लागलं तर भरपूर पाण्यानं धुवून डॉक्टरकडे, नागपुरात मेडिकल आणि मेयो ह्या दोन्ही सरकारी दवाखान्यांत त्वचेची ओपीडी आहे, आणि श्वास लागला तर ओपीडीची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत. ह्याचं कारण बहुतेक वेळा पीपीडी, पूर्ण नाव पॅरा-फिनाइलीन-डायअमीन. हे बहुतेक काळ्या डायमधे असते, पण काळी मेहंदी म्हणून जी पुडी मिळते तिच्यातही बऱ्याचदा असते, आई विश्वासानं लावते की मेहंदीच तर आहे. खरी मेहंदी केस तांबूस करते, नुसत्या मेहंदीनं केस काळे होत नाहीत, त्यामुळे पुडीनं केस काळेकुट्ट झाले तर मागची बारीक अक्षरं वाचा. आणि काही मेहंद्यांत धातूचे क्षार मिसळलेले असतात, त्यावर पुढे कोणी ब्लीच लावलं तर केस गरम होऊन वाफ निघते, म्हणून पार्लरला आल्यावर मेहंदी लावली होती हे लपवू नका. डब्यावर आधी त्वचेवर टेस्ट करा, भुवया-पापण्यांना लावू नका, डोळे जाऊ शकतात, अशी सूचना छापणं आपल्याकडे नियमानं बंधनकारक आहे, ती कोणी वाचत नाही. टेस्ट म्हणजे कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास थांबायचं. युरोपात तर २०११ पासून अशा डब्यांवर १६ वर्षांखालच्यांसाठी नाही असं स्पष्ट लिहावं लागते. आपल्याकडे आठवीतली मुलं ठोक दुकानातून ४० व्हॉल्यूमची बाटली आणि सुटी ब्लीच पावडर घेऊन येतात, दुकानदार एक शब्द विचारत नाही. निदान शाळेच्या ड्रेसमधे कोणी आलं तर देऊ नका, एवढं तर होऊ शकते ना.

आणि शाळांना माझी हात जोडून विनंती आहे. शिस्त पाहिजे, रंगवलेले केस नको, मान्य आहे, मीही दोन मुलांची आई आहे. पण उद्याच काळे करून या हा निरोप बंद करा. त्या निरोपामुळेच घरी रात्री डबा फुटतो. त्याऐवजी डायरीत लिहून घ्या की केस घट्ट वेणीत बांधून, रिबीन लावून यायचं आणि तीन-चार आठवड्यांत पार्लरमधे नीट करून घ्यायचं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, दिवाळीपर्यंत चार-पाच सेंटिमीटर चांगला केस येते, मुलांचे बारीक कापले की प्रश्नच मिटतो, मुलींची टोकं दर महिन्याला थोडी थोडी कापता येतात. वर्गाबाहेर उभं करून केस लवकर वाढत नाही. शाळा सुरू झाल्यावर पालकांची जी पहिली सभा असते तिथे मुख्याध्यापकांनी ह्यावर पाच मिनिटं बोललं तरी आमच्याकडे येणारी निम्मी भानगड कमी होईल असं मला वाटते.

पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणींनाही सांगते, आई कितीही घाई करो, आधी ओला केस ताणून बघा आणि तुटत असेल तर पैसे मिळून राहिले म्हणून रंग लावू नका. आणि आईबाबांनी आमच्याकडे येताना किंवा डॉक्टरकडे जाताना लावलेला डबा, रिकामा असला तरी, पुडी, बाटली, जे काही असेल ते सोबत आणायचं. पोरं घाबरून तेच आधी कचऱ्यात टाकतात आणि मग काय लावलं होतं हे आम्हाला अंदाजानं ओळखावं लागते.

आपली,
पार्लर चालवणारी एक वाचक
मानेवाडा, नागपूर