कथानक सांगून झालं, कादंबरी राहिली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत वाचक आवडत्या कादंबऱ्यांविषयी लिहितात. उपक्रम चांगला आहे, पण बहुतेक टिपणांत पाऊण जागा कथानकच खातं. उरलेल्या जागेत ‘हातातून खाली ठेववत नाही’ हा शेरा, जो कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतो. भालचंद्र नेमाडेंची ‘कोसला’ तर मध्येच खाली ठेवावीच लागते. तिची गोष्ट दोन ओळींची: खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला येतो आणि काहीच न होता परत जातो. पण निवेदक सांगवीकरच्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’वर हसत आलेला वाचक त्याच्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी एकाएकी उघडा पडतो. सांगवीकर इतकी टवाळी कशापासून लांब राहण्यासाठी करतो, ते तिथे कळतं. प्रतिक्रिया लिहायची तर या जागेविषयी लिहावी.

त्यासाठी आधी एवढंच पाहावं: कोण बोलतंय आणि त्याचं किती खरं मानायचं. ‘कोसला’, ‘बनगरवाडी’ आणि ‘रणांगण’ तिन्हींत निवेदक ‘मी’च आहे, तरी तिन्हींचा परिणाम वेगळा. ‘बनगरवाडी’तला मास्तर बाहेरून आलेला. तो बघतो, ऐकतो, स्वतःविषयी फारसं बोलत नाही. त्यामुळे दुष्काळाच्या प्रकरणांत रडू येत नाही, घसा कोरडा पडतो. मास्तर फारच समजूतदार आहे, त्याचा कधी रागच येत नाही, ही मात्र मला उणीव वाटते. ‘रणांगण’च्या चक्रधरचा येतो, आणि यावाच. आधीच्या प्रेमातला कडवटपणा घेऊनच तो बोटीवर चढलेला असतो, म्हणून तिथे भेटलेल्या हॅर्टाविषयी तो जे सांगतो ते जपून घ्यावं लागतं. पुढे हॅर्टाचं पत्र येतं, तिचा आवाज थेट ऐकू येतो आणि मागची पानं पुन्हा चाळावीशी वाटतात. या १९३९च्या छोट्या कादंबरीचा शेवट टिपणात सांगून टाकणाऱ्यांना संपादकीय कात्री लावावी, ही कळकळीची विनंती.

‘सावित्री’ ही पत्ररूप कादंबरी कंटाळवाणी वाटली असं कुणी म्हटलं, की ती एका बैठकीत वाचली असणार. एकाच बाजूची पत्रं, उत्तरं आपण कल्पायची. सलग वाचली की दोन पत्रांमधला काळ हरवतो. एका वेळी तीन-चार पुरेत. ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये पाल्हाळ आहे ही तक्रार खरी आहे, पण ती १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आली, हे धरून वाचावी. रोज एक-दोन प्रकरणं घेतली तर निवेदक यमूचा बोलका स्वर कानात राहतो. शंकरमामंजी मात्र कसेही वाचले तरी एकरंगी खलनायकच.

तेव्हा टिपणं मागवताना कथानकाला तीन वाक्यांची मर्यादा घालावी. कादंबरीने कुठे पकडलं आणि कुठे सुटली, ती जागा प्रकरणासह विचारावी. पृष्ठक्रमांक नको, तो आवृत्तीगणिक बदलतो. अर्धवट सोडलेल्या कादंबऱ्यांनाही जागा द्यावी, फक्त कुठल्या प्रकरणाला आणि कशामुळे सोडली ते लिहिण्याच्या अटीवर.

आपला,
एक नियमित वाचक