समासातले ‘कशावरून?’

आदरणीय शिरस्तेदारकाकांस,
सविनय नमस्कार.

आपले नाव छापून आलेले आपल्याला रुचणार नाही, म्हणून ते न घेता हे लिहीत आहे.

माझी सुरुवात विज्ञानकथेने झाली. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवून पहिले बक्षीस मिळवले, हे वाचून मीही पहिली कथा टोपणनावानेच एका स्पर्धेला धाडली होती. खरे नाव उघड करण्याची वेळ मात्र परीक्षकांनी येऊ दिली नाही. पुढे दिवाळी अंकांसाठी सत्य गुन्हेकथा लिहू लागले, तेव्हा रिकाम्या जागा कल्पनेने भरायची सवय सोबतच आली.

दादरच्या ग्रंथसंग्रहालयातल्या ओळखीच्या बळावर बावला खून प्रकरणावरचा लेख मी आपल्याला दाखवला. 12 जानेवारी 1925 रोजी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांची मोटार अडवून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, गोल्फ खेळून परतणारे लष्करी अधिकारी मध्ये पडल्यामुळे बावलांसोबत मोटारीत असलेल्या, पूर्वी इंदूरच्या महाराजांच्या दरबारी असलेल्या मुमताज बेगम बचावल्या आणि प्रकरणाचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोहोचून पुढच्या वर्षी तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली, हे सारे आपण मुकाट्याने वाचलेत. पेन्सिल थांबली ती ‘टेकडीवर लख्ख चांदणे पडले होते’ या वाक्यापाशी. समासात एकच शब्द उमटला: ‘कशावरून?’

मला राग आला होता, हे आज कबूल करते. घरी येऊन मोजले. त्या 24 जानेवारीला खग्रास सूर्यग्रहण होते, म्हणजे अमावास्या. त्याच्या 12 दिवस आधी कृष्ण पक्ष लागलेला, आणि चंद्र अंधार पडल्यावर बऱ्याच वेळाने उगवणारा. दिवेलागणीनंतरच्या त्या हल्ल्यावर लख्ख चांदणे पाडले होते ते मीच. वाक्य खोडले. विज्ञानकथेसाठी जमवलेले खगोलशास्त्र गुन्हेकथेच्या कामी आले, तेही आपल्या एका शब्दामुळे.

त्या शब्दाने नंतर विज्ञानकथेलाही सोडले नाही. गिरगावात समुद्र शिरल्याची माझी कथा वाचून ‘भरती किती मीटरची?’ असे आपण विचारलेत, तेव्हापासून भरती-ओहोटीचे कोष्टक माझ्या टेबलावर असते.

नव्या पुस्तकाच्या हस्तलिखितात आपण विचारलेल्या दोन ‘कशावरून?’ना मला उत्तर सापडले नाही. ती दोन्ही पाने मी पुस्तकातून काढली आहेत. प्रत घेऊन रविवारी येते.

आपली कृतज्ञ,
एक लेखिका, मुंबई