गावच्या वृत्तपत्रांच्या फाईली रद्दीत जाऊ देऊ नका!

सोलापूरकर बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

आपल्या शहरातली छोटी दैनिके आणि साप्ताहिके एकेक करून मिटत चालली आहेत. कागद महागला, दुकानदारांच्या जाहिराती मोबाइलवर गेल्या. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी अंक टाकणे थांबले, तेव्हा तुटलेले कितीतरी वर्गणीदार परत आलेच नाहीत. मोठ्या वृत्तपत्रांची जिल्ह्याची पाने आहेत, ती हवीतच. पण उद्या कोणत्या पेठेत पाणी सुटणार, यंत्रमाग कामगारांच्या बोनसची बोलणी कुठवर आली, शेजारच्या गल्लीतल्या आजोबांचा दहावा कधी, हे छापणारा संपादक गावातच राहायचा. बातमी चुकली तर लोक त्याला चौकात गाठून जाब विचारायचे.

वृत्तपत्र बंद पडले की जागा खाली करायची घाई होते आणि वर्षानुवर्षांच्या बांधीव फाईली किलोच्या भावाने रद्दीत जातात. आमच्या वाचनालयाला खरी चिंता याची आहे.

या शहराचा इतिहास वृत्तपत्रवाल्यांनी अंगावर झेलला आहे. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना तुरुंगात जावे लागले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे स्वतः 'गझनफर' नावाचे वृत्तपत्र चालवत. पुढे १९६१ मध्ये रंगाअण्णा वैद्यांनी 'संचार' काढला. ही नावे तरी लोकांना ठाऊक आहेत. ज्यांचा मालक, वार्ताहर आणि मुद्रितशोधक एकच माणूस होता, अशा साप्ताहिकांचे एकेक पान आज शोधावे लागते.

वाचनालयात ज्या फाईली आहेत त्यांचीही अवस्था नाजूक आहे. लाकडाच्या लगद्याचा हा स्वस्त कागद आतल्या आम्लाने पिवळा पडतो, त्यात आपला उन्हाळा आणि कसर. पान उलटले की नेमके घडीवर तुटते आणि तुकडा हातात येतो. त्या तुकड्यावर कधी गड्ड्याच्या यात्रेची जाहिरात असते, कधी गिरणीतल्या संपाची बातमी, कधी वारसाहक्काची जाहीर नोटीस. अशा नोटिशीसाठी लोक आजही आमच्याकडे येतात. दर वेळी पान सापडतेच असे नाही.

म्हणून या फाईलींचे स्कॅनिंग करून त्या सर्वांना मोफत वाचता याव्यात असे काम आम्ही हाती घेतले आहे. बांधणी न उसवता वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर, आम्लविरहित कागदाच्या पेट्या आणि बांधणीकाराची मजुरी, एवढ्यासाठी निधी हवा. जमेल तेवढी रक्कम द्या, किंवा एका वर्षाच्या फाईलीचा खर्च उचला. प्रत्येक रकमेची पावती मिळेल.

पैशांइतकीच जुन्या अंकांची गरज आहे. माळ्यावर, ट्रंकेत, कपाटातल्या कागदाखाली स्थानिक वृत्तपत्राचा एखादा अंक असेल तर तो घेऊन या. अंक परत हवा असेल तर स्कॅन करून परत देऊ. जुन्या कंपोझिटर आणि वार्ताहर मंडळींनी तर यावेच. कोणता अंक कुणी काढला हे तेच सांगू शकतील. तेलुगू, कन्नड आणि उर्दू वाचणारे स्वयंसेवकही हवे आहेत.

अंक आणताना दोरीने बांधू नका, फाटले असतील तर चिकटपट्टी लावू नका. पुठ्ठ्यावर सपाट ठेवून आणा. आमचे कार्यकर्ते रोज संध्याकाळी वाचनालयात असतात. ज्येष्ठांनी नुसता निरोप द्यावा, आम्ही घरी येऊन अंक नेऊ.

आपले नम्र,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ, सोलापूर